देठ खुडलेलं विमान

श्रावणात आमच्याकडे काही म्हणून वाळत नाही. पालघरजवळच्या आमच्या माहीमची हवा, समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यात घराभोवती पानमळा, नारळ, चिकू. ऊन आलंच तर उंबऱ्यावरूनच परत फिरतं. टॉवेल वाळत नाही, मीठ पाझरतं, काडेपेटी नुसती खरवडत बसावी लागते. असं असताना यंदा आमच्या ह्यांना मागच्या दाराला रंग लावायची हौस आली. आठवडा उलटला तरी दार चिकट ते चिकटच. काल माझा पदर त्याला चिकटला आणि मी तोंडाचा पट्टा सोडला. पण तो ओला रंग नाकात गेला आणि बोलता बोलता मी तोच हुंगत राहिले. हा वास ओळखीचा होता. याच महिन्यातला, याच स्वयंपाकघरातला, काही वर्षांमागचा. त्या साली आमच्या घरात एक विमान वाळत घातलं होतं.

हो, विमानच. वीतभराहून थोडं लांब, प्लास्टिकचं, खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं. दुकानात लहान पोरांना मिळतं तसं चाकं फिरवायचं खेळणं नव्हे. खोक्यात सुटे भाग येतात, चिकटवायचे आपण, रंगवायचे आपण, आणि शेवटी जे उभं राहतं ते खऱ्याची हुबेहूब नक्कल असावं अशी अपेक्षा. हे हवाई दलाचं हॉक जातीचं जेट होतं, लढाऊ वैमानिक ज्यावर शिकतात ते. आमची सायली तेव्हा त्याच जेटवर शिकत होती.

सायली आमची एकुलती एक. पालघरला कॉलेज केलं, कुणाला न विचारता परीक्षा दिली, आणि एके दिवशी सांगून टाकलं की मी हवाई दलात चालले. ह्यांनी पान लावता लावता विचारलं, "ऑफिसात काय गो?" तर म्हणे, "नाय बाबा, वर." आधी पंख्याच्या विमानावर शिकली, मग जेटवर कर्नाटकात गेली. त्या वर्षी उन्हाळ्यात सुट्टीवर आली तेव्हा बाबांनी प्रश्न विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. दार कुठून उघडतं, आत पंखा असतो का, जेवायची सुट्टी असते का. जाताना तिनं हे खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे बघा, मी हेच चालवते. दिवाळीत आले की आपण मिळून जोडू. तोवर हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की माणसाचे हात शिवशिवतात, हे त्या पोरीला एवढं शिकून कळलं नव्हतं.

आषाढात एक दिवस पाऊस असा लागला की मळ्यात उभं राहता येईना. पानखुडणी बंद. ह्यांनी खोकं उघडलं. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीला बारीक बारीक देठांनी लटकलेले भाग. आता, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पानवेल. अंगठ्यात पत्र्याची नखी घालायची, देठ दिसला की खुडायचा, पान ओंजळीत. हे काम डोक्याला विचारून होतच नाही. मी भाकऱ्या थापून बाहेर येईतो ह्यांनी अख्खं विमान खुडून ठेवलं होतं. मी काही म्हणाले का? छे! मी पुढ्यात बसले आणि नेहमीसारखी निवड करायला घेतली. मोठे भाग एकीकडे, मधले एकीकडे, बारीक वेगळे, पारदर्शक वेगळे. लांबट भागांच्या तर मी दोऱ्यानं कवळ्या बांधल्या, पानांच्या बांधतो तशा. कामाची सफाई बघून आम्ही दोघंही खूश.

दुपारी चहा घेताना ह्यांनी माहितीची पुस्तिका उघडली. प्रत्येक चित्राला बाण, बाणाला आकडा. अमुक आकड्याचा भाग तमुक आकड्याच्या भागाला जोडा. "आकडे कुठं हायत?" ह्यांनी विचारलं. आम्ही एकेक भाग उलटसुलट करून बघितला. कुठेच नाही. मग माझी नजर कोपऱ्यात टाकलेल्या रिकाम्या चौकटींवर गेली. आकडे तिथं होते. प्रत्येक तुटक्या देठाच्या शेजारी, छानपैकी छापलेले. जगात सगळे लोक म्हणे भाग चौकटीवरच ठेवतात आणि लागेल तसा एकेक काढतात. ते लोक पानं खुडत नसतील.

सायलीला फोन वापरायला मिळायचा तो रविवारी. ह्यांनी तिला झाला प्रकार सांगितला. मग ती जी हसत सुटली! "बाबा, तुमी विमान खुडलं?" आणि परत हसली. "कवळ्या पण बांधल्या?" मी मागून ओरडले, "त्या मी बांधल्या!" एवढं हसताना तिला मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर हे मला म्हणाले, चूक झाली ती बरीच झाली.

पण पुढच्या रविवारी आवाजच वेगळा होता. जेवलीस का, तर हो. झोप येते का, तर येते. शेवटी मीच म्हटलं, "सायले, सरळ सांग." तेव्हा सांगितलं. परीक्षेचं उड्डाण असतं, त्यात दोनदा नापास झाली. आणखी एकदा झाली तर जेट सुटणार. "उडायला येतं गो आई. उतरायला नाय जमत. जमीन जवळ आली की माझा हात चुकतो."

आणि ह्यांनी काय करावं? माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बाय, तुला एक फोटो धाडलाय बघ. चमच्यासारखा भाग हाय. तो कुठला?" मला असा संताप आला म्हणून सांगू! पोरगी रडकुंडीला आलेली, आणि ह्या बाबाला चमचा सुचतोय. पण फोनमधून सायलीचा आवाज यायला लागला. हळूहळू. "तो... तो शेपटीच्या खालचा हवेचा ब्रेक, बाबा. वेग कमी करायचा झाला की ती फळी खाली उघडते." "अशी उघडते की तशी?" "खाली. पुढच्या बाजूला बिजागर." "मग विमान तोंडावर नाय पडत?" "नाय पडत," ती म्हणाली, आणि का पडत नाही ते सांगत राहिली, चांगला वेळ. कशी आहेस विचारलं की दोन शब्दांपुढे न जाणारी मुलगी, एका फळीबद्दल बोलत सुटली होती. तेव्हा मी कवळीतून पुढचा भाग काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यानंतर तो आमचा नेमच झाला. आठवडाभर आम्ही दोघं भागांचे फोटो काढायचो आणि रविवारी सायलीला विचारायचो. काही तिला सांगायला परवानगी नसायची. ह्यांनी काचेआडच्या डायलांबद्दल विचारलं की ती म्हणायची, "बाबा, ते गुपित." हे लगेच कान टवकारायचे. मग ती हसायची, "बाबा, गुपित नाय हो, मला वेळ नाय." नाकावरची बारीक काडी काय, विचारलं तर म्हणाली, तिच्यात समोरून हवा शिरते आणि विमानाला आपला वेग कळतो. ती काडी ह्यांच्या बाहीला लागून दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मी खराट्यातला नारळाचा हीर काढून तासला आणि लावला. अजून तो टिकून आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त प्रश्न पडायचे ते दोन सीटांचे. शिकाऊ विमान म्हणून आत माणसं दोन. शिकणारा पुढं, शिकवणारा मागं, आणि मागची सीट जरा उंच, पुढच्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसावी म्हणून. दोघांपाशी तीच कळ, तीच पायाची पट्टी. म्हणजे पुढच्यानं चूक केली तर मागचा हात पुढं करतो. मी ते दोन प्लास्टिकचे बाहुले तळहातावर घेऊन बसायची. माणसानं असं काही बनवलं याचंच मला नवल वाटायचं. चुकायला मुद्दाम जागा ठेवलेलं यंत्र! आमच्या वेळी कुठं होतं असं? माझ्या सासूबाईही चुलीपाशी माझ्या मागं उभ्या राहायच्या खऱ्या, पण कळ काही त्यांच्या हातात नव्हती. करपलं ते करपलं, आणि मग गावभर झालं.

"सर ओरडतात का गो तुझ्यावर?" एकदा मी विचारलं.

"ओरडले तर बरं," सायली म्हणाली. "गप्प बसतात. मी चुकायला लागले की ते एकदम गप्प होतात. त्यांचा श्वास तेवढा कानात ऐकू येतो. मग मला कळतं, आता हे हात पुढं करणार."

बरेच दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना.

त्या दिवसांत उतरणारं जे जे दिसेल त्याच्याकडे मी टक लावून बघत बसायची. शेतात लावणी संपलेली, बांधावर बगळे यायचे. बगळा खाली येताना आधी पाय पुढं काढतो, मग पंख मागं ओढून जरा उभा राहतो हवेत, आणि मगच टेकतो. चतुर मात्र नुसता येऊन काडीवर बसतो, काही तयारी नाही. कावळा धप्पकन येतो आणि दोन उड्या मारून सावरून घेतो, जसं काही त्याला तिथंच यायचं होतं. ह्यांनाही तोच नाद लागला. एकदा नारळ पडला तेव्हा मी म्हटलं, बघा, उतरला. तर म्हणाले, "पडला. उतरला नाय." एवढं बोलून नारळ उचलून आत गेले. समुद्राकडे गेलं की कधी किनाऱ्यावरून गस्तीचं विमान जायचं, तारापूरच्या बाजूला. पण ते कधी उतरताना दिसलं नाही. नुसतं जाताना बघून काय करायचं? आम्ही दोघं हात कपाळावर धरून ते दिसेनासं होईतो उभे राहायचो आणि चुकचुकून घरी यायचो.

रंगासाठी मी बोईसरला गेले. कारखान्यांचं गाव, तिथं वाट्टेल तो रंग मिळतो असं ऐकून होते. दुकानदार उत्तरेकडचा, मोठ्या प्रेमानं विचारी, "काकी, कौन सा ग्रे? गेट का या मशीन का?" मी म्हटलं, "विमान का." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या छत्रीकडे बघितलं. "उड़ने वाला?" "बैठने वाला," मी म्हटलं, कारण माझ्या हिंदीत उतरणं सुचलं नाही. तो मशीनचा रंग देऊन मोकळा झाला. सायलीनं फोटो बघून सांगितलं, बराच जवळचा आहे. मला त्याचा केवढा आनंद! बसमध्ये डबी मांडीवर धरून आणली होती मी.

पण तो रंग वाळेल तर शपथ. पंख्याखाली ठेवला, गॅसच्या वरच्या फळीवर सुकटीच्या डब्याशेजारी ठेवला. विमानाला सुकटीचा वास लागला, रंग ओलाच. वाळला का बघायला ह्यांनी अंगठा लावला आणि डाव्या पंखावर अंगठा उमटला. मी ओरडले तर म्हणे, "राहू दे, सही हाय माजी." दोन्ही बाहुल्यांच्या डोक्यावरची ती काचेची टोपी चिकटवायची वेळ आली तेव्हा पटकन चिकटतो तो घाईचा गोंद वापरला. त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी झाली, मोतीबिंदू झाल्यासारखी. आतलं कुणी दिसेना. मला तो अपशकुनच वाटला, खोटं कशाला सांगू. मी टोपी सोडवली, दातांची पेस्ट बोटावर घेतली आणि जेवणं झाली की रोज घासत बसले. हे म्हणायचे, पुरे कर, झिजेल. मी काही ऐकलं नाही. शेवटी काचेतून माझ्या बोटाची रेघ दिसायला लागली तेव्हा कुठं थांबले.

सीट रंगवायचं काम माझं होतं. सीटच्या पुढच्या कडेला, बाहुल्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे, एक बारीकशी कडी होती. पुस्तिकेत ती पिवळी-काळी दाखवलेली. "ही कशाची?" मी सायलीला विचारलं. "ती ओढायची नसते, आई." "ओढायची नाय तर ठेवलीय कशाला?" "कधी ओढायची वेळ आली तर सीटसकट बाहेर पडता येतं." मी बरं म्हटलं. मग ती कडी पिवळी रंगवली, वाळायची वाट बघितली, त्यावर काळे पट्टे ओढले. माझ्या पानाच्या देठाला सरावलेल्या हाताला ते काही अवघड नव्हतं, पण डोळ्यांतलं पाणी पुसायला तीनदा उठावं लागलं. देवाला म्हटलं, बाबा रे, तिचं जेट गेलं तर जाऊ दे, पण ह्या कडीला तिचा हात लागू देऊ नकोस. मग वाटलं, असं कसं मागितलं मी? पोरीला जेट हवंय, आणि आई त्याच्या उलट मागतेय. लगेच देवाला सांगितलं, दोन्ही ऐक. आईनं असं दोन्ही मागू नये असा कुठं नियम आहे?

आता मागं वळून बघते तर वाटतं, त्या महिन्यात आम्हाला विमान काही फारसं कळलं नाही. पण आमच्या मुलीच्या दिवसात काय काय असतं ते कळलं. आम्हाला वाटायचं वर जाणं अवघड. तिला अवघड होतं ते परत येणं. आमच्यासारखे तिला काय धीर देणार? घाबरू नकोस, होईल सगळं नीट, असं मी म्हटलं तर ती हो म्हणायची आणि फोन ठेवायची. पण "ही पट्टी पंखाच्या मागं की पुढं" असं विचारलं की तिला ठाऊक असलेलं काहीतरी तिच्या तोंडून यायचं, आणि तिचं तिलाच ऐकू जायचं. हे सगळं ह्यांनी ठरवून केलं का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "नाय गो, मला खरंच कळत नव्हतं तो चमचा कुठं जातो." मला ते पूर्ण खरं वाटतं.

नारळी पौर्णिमा आली. घरात मी एकटीच होते, नारळीभातासाठी खोबरं खवत बसलेली, हे मळ्यात. वार रविवार नव्हता आणि फोन वाजला. बघते तर सायलीचं नाव. रविवार सोडून आलेला फोन चांगला असतो असं मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आज मागची सीट रिकामी होती."

मी म्हटलं, "का गो? सरांना बरं नाय का?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "अगं आई, सर खाली उभे होते. त्यांनी सकाळी परीक्षा घेतली, पास केलं, आणि सांगितलं, आता एकटी जा. मी एकटी गेले. एकटी उतरले."

खोबऱ्यानं भरलेले हात, तशीच उठले आणि धावत सुटले. आमच्यात पानमळ्यात कुणी चपला घालून जात नाही, वेल विटाळतो म्हणतात. माझ्या पायांत चपला तशाच. हे आतून ओरडले, "चपला! चपला!" मी त्यांच्या कानाला फोनच लावला. ते ऐकत राहिले. एकदा "हां" म्हणाले, मग पुन्हा "हां", आणि खाली ओल्या मातीत बसले. मी फोन घेऊन आवाज मोठा केला, दोघांना ऐकू यावं म्हणून. वेलींच्या सावलीत आम्ही दोघं पावसात भिजत होतो आणि मी मोकळेपणानं रडत होते. लाजायचं काय त्यात?

"भीती नाय वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. मागून श्वास पण नाय, काय नाय. इतकं गप्प कधीच नव्हतं. म्हणून मग मीच बोलत होते, मोठमोठ्यानं."

"इंग्रजीत?" ह्यांनी विचारलं.

"छे, बाबा. इंग्रजी रेडिओवर. ते बटन सोडलं की आपली बोली. कोण ऐकणार हाय तिथं?"

"काय बोलत होतीस गो?"

"आधी कायपण. मग शेवटाला धावपट्टी अगदी जवळ आली, माझा हात चुकतो ना, तिथं. तवा मी म्हटलं, चल गो बाय, घर आलं. उतर आता."